टायब्रेकरमध्ये नेमकं घडतं काय?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर कधी ना कधी ती वेळ येतेच. पाटाकडील आणि दिलबहार म्हणा, खंडोबा आणि बालगोपाल म्हणा, दोन तालमींच्या संघांचा सामना बरोबरीत अडकतो, पंच घड्याळ बघून लांब शिट्टी मारतात आणि गॅलरीत एकच कालवा उठतो, "टायब्रेकर, टायब्रेकर!" निकाल लावायला दोन्ही संघ ज्या बाजूच्या गोलपोस्टवर आलटून पालटून किक मारणार, तिकडे माणसं सरकायला लागतात. कुणीतरी शेजारच्याला ठासून सांगत असतो, "आरं, ह्यो डावीकडंच मारणार बघ." पुढच्या दहा मिनिटांत जे काही होतं, त्यावर पेठेच्या कट्ट्यावर आठवडाभर बोलणं चालतं आणि शेवटी कुणीतरी वडीलधारा विषय मिटवून टाकतो, "टायब्रेकर म्हणजे काय, नशिबाचा खेळ."

मला हे पटत नाही. नव्वद मिनिटं धावून दमलेला पोरगा एकटा चालत अकरा मीटरच्या ठिपक्याकडे जातो, तेव्हा त्याच्या पायात कसब असतं, डोक्यात हिशेब असतो आणि छातीत धडधड असते. तिन्ही गोष्टींचा गेल्या काही दशकांत जगभर कसून अभ्यास झाला आहे. त्यातून जे हाती आलं, ते आपल्या गॅलरीत बसणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं. वर्ल्डकपच्या टायब्रेकरला आपण चौकात पडदा लावून रात्र जागवतो. तिथे काय चाललंय हे कळलं, तर बघण्याची गोडी वाढते आणि चुकलेल्या पोराला शिव्या घालणाऱ्याची जीभही जरा आवरते.

निव्वळ नशिबाचा खेळ बघायचा असेल तर १९७० च्या मागे जावं लागेल. १९६८ च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची उपांत्य लढत इटलीतल्या नेपल्स शहरात झाली. इटली विरुद्ध सोव्हिएत संघ, जादा वेळ संपली तरी ०-०. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नाणं उडवण्यात आलं. इटलीचा कर्णधार जाचिंतो फाकेत्तीचा कौल बरोबर लागला आणि इटली अंतिम फेरीत गेली. १२० मिनिटं एकही गोल न खाल्लेला सोव्हिएत संघ एका नाण्यापायी घरी गेला. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत इस्राएल आणि बल्गेरियाची बरोबरी झाली आणि चिठ्ठी टाकून बल्गेरियाला पुढे पाठवलं. हे इस्राएलच्या योसेफ दगान यांच्या मनाला इतकं लागलं की, असा निकाल खेळाडूंच्या पायानेच लागला पाहिजे, असा प्रस्ताव त्यांनी पुढे रेटला. १९७० च्या जूनमध्ये खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने तो मान्य केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या वॉटनी कपमध्ये हल सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात पहिला मोठा टायब्रेकर झाला. पहिली किक जॉर्ज बेस्टची, आत. आणि पहिली चुकलेली किक डेनिस लॉची. एवढा मोठा गोल मारणारा माणूस पहिल्याच खेपेला चुकावा, हे पुढे काय काय बघायला मिळणार त्याची वर्दीच होती.

नियम थोडक्यात बघू, कारण त्यातल्या एक-दोन बारकाव्यांवर गॅलरीत हमखास वाद होतो. नाणं दोनदा उडवतात. पहिल्यांदा कोणत्या बाजूच्या गोलवर किक मारायच्या त्यासाठी आणि दुसऱ्यांदा आधी कोण मारणार त्यासाठी. शेवटची शिट्टी होताना जे मैदानात होते त्यांनाच किक मारता येते. प्रत्येकी पाच, आलटून पालटून. एक संघ इतका पुढे गेला की दुसऱ्याला गाठणं शक्यच नाही, तर तिथेच थांबायचं. पाचानंतरही बरोबरी राहिली तर एकेक किक मारत पुढे जायचं, आणि संघातल्या सगळ्यांची एकदा झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा संधी नाही. १९९२ च्या आफ्रिकन नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्ट आणि घाना यांच्यात २४ किक झाल्या आणि निकाल लागला ११-१०.

सामन्यातली पेनल्टी, म्हणजे गोलजवळच्या फाउलबद्दल मिळणारी किक, आणि टायब्रेकरची किक यांत मोठा फरक असा की टायब्रेकरमध्ये रिबाउंड नाही. गोलकीपरने बॉल ढकलला आणि मारणाऱ्याने धावत जाऊन पुन्हा मारला, तर तो गोल धरत नाहीत. पण पोस्टला लागून बॉल गोलकीपरच्या अंगावर आपटला आणि तिथून आत गेला, तर गोल. १९८६ च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सच्या ब्रुनो बेलोनची किक अशीच पोस्टला लागली, ब्राझीलचा गोलकीपर कार्लोसच्या अंगावरून आत गेली आणि पंचांनी गोल दिला. फ्रान्स तो टायब्रेकर ४-३ ने जिंकला. कोल्हापुरातल्या जुन्या ब्राझीलवाल्यांपुढे आजही तो सामना काढला तर चेहरा उतरतो.

दुसरा बारकावा ताजा आहे. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये ॲटलेटिको माद्रिदचा हुलियान अल्वारेझ किक मारताना घसरला. बॉल आत गेला, पण त्याच्या टेकवलेल्या पायालाही बॉल किंचित लागल्याचं व्हिडिओवर दिसलं. म्हणजे दोनदा स्पर्श, गोल रद्द. रेआल माद्रिद पुढे गेलं. त्यानंतर नियममंडळाने खुलासा केला की असा स्पर्श चुकून झाला असेल आणि बॉल आत गेला असेल, तर किक पुन्हा घ्यायची. आपल्याकडे ओल्या मैदानावर ही वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून ध्यानात असलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा, अकरा मीटरचं गणित. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. चांगली जोरकस किक ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ठिपक्यापासून रेषेपर्यंत ११ मीटर जायला बॉलला अर्धा सेकंदही लागत नाही, ०.४४ सेकंद. डोळ्याने बघून मेंदूने हुकूम सोडायलाच सुमारे पाव सेकंद जातो. उरलेल्या वेळात साडेतीन मीटर लांबच्या कोपऱ्यापर्यंत अंग फेकणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून गोलकीपर किक बसण्याच्या क्षणी, किंवा जरा आधीच, एक बाजू पकडून झेप घेतो. त्याला रेषा सोडून पुढे येताही येत नाही. किक बसेपर्यंत निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे असावा लागतो.

म्हणजे बॉल सुटण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो. मारणारा कुठे मारायचं ते ठरवतो, अडवणारा कुठे झेपायचं ते ठरवतो, आणि दोघेही एकमेकांना फसवायला बघतात. लहानपणी आपण मुठीत खडा लपवून "कुठल्या हातात?" खेळायचो, त्यातलंच हे डोकं आहे. कायम उजव्या मुठीत लपवणारा पोरगा दोन डावांत पकडला जायचा. एकदा डावी, एकदा उजवी असं ओळीने करणाराही पकडला जायचा. टिकायचा तो, ज्याचा काही नेमच लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ इग्नासिओ पालासिओस-वेर्ता यांनी हजाराहून जास्त पेनल्ट्या तपासल्या तेव्हा त्यांना हेच दिसलं. चांगले खेळाडू आपली जोरकस बाजू थोडी जास्त वापरतात, पण कुठल्या किकनंतर कुठली येईल याचा माग लागू देत नाहीत. गणिताच्या पुस्तकात लिहिलेली सर्वोत्तम चाल पुस्तक न वाचलेली पोरं मैदानात खेळत होती.

पण एक जागा अशी आहे जिथे गोलकीपर स्वतःचं नुकसान करून घेतो. मधली. इस्राएलमधल्या मायकल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८६ पेनल्ट्या पाहिल्या. त्यातल्या २८.७ टक्के किक गोलच्या मधल्या भागात आल्या होत्या, आणि गोलकीपर मध्ये थांबून राहिले होते फक्त ६.३ टक्के वेळा. मग थांबत का नाहीत? त्यांचं उत्तर मला फार पटतं. झेप घेतली आणि गोल झाला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याने जीव टाकला. उभं राहिला आणि बाजूने गोल गेला तर सगळी गॅलरी ओरडते, "आरं, खांब हाय का माणूस?" ती शरम टाळण्यासाठी गोलकीपर झेप घेतो. आपण प्रेक्षकच त्याला झेप घ्यायला लावतो असं म्हटलं तरी चालेल.

हे ओळखलेला पहिला मोठा माणूस म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा अंतोनिन पानेन्का. १९७६ ची युरो, बेलग्रेडमधला अंतिम सामना, समोर जगज्जेता पश्चिम जर्मनी, २-२ बरोबरी. टायब्रेकरमध्ये जर्मनीच्या उली होएनेसने बॉल बारवरून, म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या दांड्यावरून, उडवला. आता पानेन्काने मारला की चषक त्यांचा. त्याने लांबून धाव घेतली, गोलकीपर सेप मायर डावीकडे झेपावला आणि पानेन्काने बॉलखाली पाय घालून तो अलगद उचलला. बॉल मधोमध, सावकाश आत गेला. आज त्या किकला त्याचंच नाव आहे. ती बघायला नाजूक, पण अंगावर येणारी आहे. चुकली तर मारणारा वर्षानुवर्षं हसण्याचा विषय होतो. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनविरुद्ध निर्णायक किक मोरोक्कोच्या अश्रफ हकीमीने तशीच मारली. हकीमीचा जन्म माद्रिदचा. जन्माच्या देशाला बाहेर काढणारी किक त्याने उचलून टाकली, आणि त्याचं काळीज केवढं असेल याचा विचार मी अजून करतो.

काळीज म्हटलं की खरा विषय आला. पायाचं कसब सरावात सगळ्यांकडे असतं. राष्ट्रीय संघातला कुठलाही खेळाडू रिकाम्या मैदानावर दहापैकी नऊ पेनल्ट्या आत घालेल. मोठ्या स्पर्धांच्या टायब्रेकरमध्ये मात्र चारातली एक किक हुकते. पाय तोच, बॉल तोच, अंतर तेच. बदलतं ते एवढंच की आता चुकण्याला किंमत आहे.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ गेर यूर्देत यांनी आयुष्याची बरीच वर्षं यातच घातली. वर्ल्डकप, युरो, चॅम्पियन्स लीगचे टायब्रेकर व्हिडिओवर एकेक करून तपासले, किक मारलेल्या खेळाडूंशी बोलले. त्यांच्या हाती आलेली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त हलवून गेली. ज्या किकवर गोल झाला की आपला संघ लगेच जिंकतो, अशा किक दहातल्या नऊच्या वर आत जातात. ज्या किकवर चुकलं की आपला संघ लगेच हरतो, त्या दहातल्या सहाच्या आसपासच. किक एकच. एकात माणूस काहीतरी मिळवायला चाललेला असतो, दुसऱ्यात काहीतरी वाचवायला. नुसत्या नशिबाचा खेळ असता तर दोन्हीकडे आकडा सारखा आला असता. नाण्याला कधी घाम फुटत नाही.

यूर्देत यांनी पाहिलेली दुसरी गोष्ट घाईची. दडपणाखालचा खेळाडू पंचांची शिट्टी झाली रे झाली की धावतो. श्वास नाही, थांबणं नाही. त्याला ती जागा, ते डोळे, तो आवाज सगळं लवकर संपवायचं असतं. बॉल ठिपक्यावर ठेवला की काहीजण गोलकीपरकडे पाठ करून मागे चालत येतात, तेही त्याच कारणाने. इंग्लंडचे खेळाडू या घाईत सगळ्यांत पुढे होते. १९९० च्या वर्ल्डकपपासून २०१२ च्या युरोपर्यंत इंग्लंड सहा मोठ्या टायब्रेकरमध्ये हरलं, जिंकलं एकच, १९९६ ला स्पेनविरुद्ध.

शरीरात काय होतं हेही समजून घेण्यासारखं आहे. किक मारणं हे हजारो वेळा केलेलं काम असतं, ते पायाला पाठ झालेलं असतं, डोक्याने त्यात लुडबुड करायची नसते. भीती वाटली की माणूस त्या पाठ झालेल्या हालचालीवर पहारा ठेवायला लागतो. टेकायचा पाय कुठे पडतोय, घोटा आवळलाय का, अंग मागे झुकतंय का. पहारा बसला की लय जाते. त्यात पोटऱ्या दमलेल्या असतात. अंग जरासं मागे झुकलं तरी बॉल बारच्या वर.

नेमकं तेच १७ जुलै १९९४ ला पासाडीनाच्या रोझ बोल मैदानावर जगाने पाहिलं. ब्राझील-इटली, ०-०, वर्ल्डकपचा पहिला अंतिम सामना जो टायब्रेकरवर गेला. इटलीची शेवटची किक रॉबेर्तो बॅजिओची. बाद फेरीत पाच गोल मारून त्यानेच इटलीला इथवर आणलं होतं, मांडीच्या दुखण्यासह तो खेळत होता. बॉल बारवरून गेला. तो तिथेच मान खाली घालून उभा राहिला आणि ते छायाचित्र जगभर गेलं. बहुतेकांच्या आठवणीत तेवढंच उरलं. पण त्याच्याआधी फ्रँको बारेसीने बॉल वरून मारला होता आणि मासारोची किक टाफारेलने अडवली होती. शिवाय बॅजिओने गोल केला असता तरी ३-३ झालं असतं आणि ब्राझीलची पाचवी किक शिल्लक होती. एका माणसाच्या नावावर अख्ख्या देशाचा पराभव लिहिला गेला, आणि तो हिशेबाने चुकीचा आहे.

मोठ्या नावाचं ओझं हाही यूर्देत यांच्या अभ्यासाचा एक भाग आहे. मानाचे पुरस्कार मिळाल्यानंतर बड्या खेळाडूंचं टायब्रेकरमधलं यश घटलेलं त्यांना दिसलं. १९८६ च्या त्या ब्राझील-फ्रान्स सामन्यात सॉक्रेटिस चुकला आणि प्लातिनीही चुकला. २०१६ च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात चिलीविरुद्ध मेस्सीने बॉल बारवरून मारला आणि देशासाठी खेळणं थांबवण्याची घोषणा केली. आपल्या अर्जेंटिनावाल्या पेठांनी तेव्हा किती हळहळ केली! तो परत आला, म्हणून १८ डिसेंबर २०२२ ची रात्र आपल्याला मिळाली.

ती रात्र इथे गोलकीपरची बाजू सांगायला कामाची आहे. टायब्रेकरमध्ये गोलकीपरला गमावण्यासारखं काही नसतं. पाचही गोल गेले तरी त्याला कुणी बोल लावत नाही, एक अडवला तर तो देव. ही मोकळीक वापरायला अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ चांगला शिकला होता. वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यात, कतारच्या लुसैलमध्ये, फ्रान्सशी ३-३ झाल्यावर एम्बापेने पहिली किक आत घातली, मेस्सीने उत्तर दिलं. मग मार्टिनेझने कोमानची किक अडवली. चुआमेनी पुढे आला तेव्हा मार्टिनेझने बॉल हातात घेतला आणि त्याला न देता लांब फेकला. चुआमेनीला चालत जाऊन बॉल आणावा लागला. ते काही सेकंद नीट बघा. खाली वाकणं, परत येणं, पुन्हा बॉल ठेवणं. मनात ठरवलेल्या सगळ्या क्रमाची घडी विस्कटली. त्याची किक पोस्टच्या बाहेर गेली. दिबाला आणि पारेदेसने आपापल्या किक घातल्या होत्या, शेवटची मोंतिएलने घातली, ४-२. आपल्या चौकात गुलाल उडाला. पुढच्या वर्षी नियममंडळाने स्पष्ट केलं की गोलकीपरने मारणाऱ्याचं लक्ष अन्यायाने विचलित करू नये, किक लांबवू नये, पोस्ट किंवा जाळीला हात लावू नये. मला मार्टिनेझची हुशारी भावते आणि हा नियमही योग्य वाटतो. चालत येणाऱ्या एकट्या माणसावर आधीच पुरेसं ओझं असतं.

गोलकीपरचं दुसरं हत्यार म्हणजे माहिती. २००६ च्या वर्ल्डकपमध्ये बर्लिनला जर्मनीचा गोलकीपर येन्स लेहमान प्रत्येक किकआधी मोज्यातून एक चिठ्ठी काढून वाचत होता. अर्जेंटिनाचा कोण कुठे मारतो, ते प्रशिक्षक आंद्रेआस क्योप्के यांनी हॉटेलच्या कागदावर लिहून दिलं होतं. आयालाची किक त्याने अडवली. शेवटी काम्बियासो आला. त्याचं नाव चिठ्ठीत नव्हतंच. तरी लेहमानने चिठ्ठी काढली, सावकाश वाचली, परत ठेवली. काम्बियासोला काय वाटलं असेल? यांना माझं सगळं माहीत आहे. त्याचीही किक अडवली गेली. आता हेच इंग्लंडचा जॉर्डन पिकफर्ड पाण्याच्या बाटलीवर लिहून आणतो. २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडच्या अकांजीच्या नावापुढे डावीकडे झेप असं लिहिलेलं होतं, आणि तिकडेच झेपून त्याने ती अडवली. नेदरलँड्सच्या लुई व्हान खाल यांनी तर २०१४ ला कोस्टा रिकाविरुद्ध १२० व्या मिनिटाला गोलकीपरच बदलला. नव्याने आलेल्या टिम क्रूलने दोन किक अडवल्या. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध बदली खेळाडू शिल्लक नव्हते, जुनाच गोलकीपर राहिला आणि नेदरलँड्स हरलं.

पण असाच शेवटच्या क्षणीचा बदल मारणाऱ्यांच्या बाबतीत अंगाशी येतो. २०२१ मध्ये झालेल्या युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने रॅशफर्ड आणि सांचो यांना केवळ टायब्रेकरसाठी शेवटच्या मिनिटाला आत घेतलं. दोघांच्या पायाला बॉल धड लागलाही नव्हता. रॅशफर्डची पोस्टला लागली, सांचोची अडवली. पाचवी, चुकली तर हार अशी किक १९ वर्षांच्या बुकायो साकावर आली आणि दोन्नारुम्माने ती अडवली. त्यानंतर या तिघांना वर्णावरून जे ऐकून घ्यावं लागलं, ते वाचून आजही चीड येते. साका मात्र पुढच्या युरोत, स्वित्झर्लंडविरुद्ध, पुन्हा त्याच ठिपक्याकडे चालत गेला आणि त्याने गोल केला. त्या दिवशी इंग्लंडच्या पाचही किक आत गेल्या. आयव्हन टोनीने तर बॉलकडे न बघता, नजर गोलकीपरवर ठेवून मारली.

क्रमाचा प्रश्न तालमींच्या प्रशिक्षकांनी खास लक्षात घ्यावा. सगळ्यांत भरवशाचा माणूस पाचव्या किकला ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. पण पाचवी किक येईलच याची हमी नसते. २०१२ च्या युरोत पोर्तुगाल-स्पेन उपांत्य सामन्यात रोनाल्डो पाचवा होता, त्याची पाळी येण्याआधीच स्पेन ४-२ ने जिंकलं. २०२२ ला क्रोएशियाविरुद्ध नेमारचं तेच झालं. रोद्रिगोची अडवली, मार्किन्योसची पोस्टला लागली, आणि ब्राझीलचा सर्वांत मोठा खेळाडू मध्यवर्तुळात उभाच राहिला. भरवशाची माणसं पहिल्या चारांत हवीत.

आधी मारणाऱ्या संघाला फायदा होतो का, यावरही बरंच संशोधन झालं. २०१० च्या एका अभ्यासात आधी मारणारे १०० पैकी सुमारे ६० वेळा जिंकताना दिसले, कारण दुसरा संघ कायम गाठण्याच्या दडपणात. नंतर जास्त सामने घेऊन केलेल्या अभ्यासांत हा फायदा बराच कमी भरला. मध्यंतरी टेनिसच्या टायब्रेकरसारखा क्रम, म्हणजे पहिला संघ एक, दुसरा सलग दोन, मग पहिला सलग दोन, असा २०१७ पासून करून पाहिला; लोकांना तो समजेना, आणि २०१८ ला सोडून दिला.

आपल्या देशाचंही एक उदाहरण आहे, आणि ते अभिमानाने सांगावं असं. २०२३ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत बेंगळुरूला भारताने उपांत्य फेरीत लेबनॉनला टायब्रेकरमध्ये हरवलं. ४ जुलैला कुवेतशी अंतिम सामना १-१ असा अडकला. पाच-पाच किकनंतर ४-४. सहावी महेश सिंगने घातली. मग कुवेतचा कर्णधार आला आणि गुरप्रीत सिंग संधूने झेप घेऊन त्याची किक बाहेर काढली. तीन दिवसांत दोन टायब्रेकर जिंकणाऱ्या संघाला नुसता नशीबवान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग सराव करून हे जमतं का? स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी २०२२ च्या वर्ल्डकपआधी खेळाडूंना किमान हजार पेनल्ट्या मारून या असं सांगितलं होतं. मोरोक्कोविरुद्ध स्पेनची एकही किक आत गेली नाही. नुसता आकडा भरून पाय तयार होतो, छाती तयार होत नाही. इंग्लंडने २०१८ च्या आधी वेगळ्या पद्धतीने तयारी केली. कोण कितवी मारणार ते आधी ठरवलं, दमलेल्या पायांनी सराव केला, मध्यावरून ठिपक्यापर्यंत चालत जाण्याचाही सराव केला, शिट्टीनंतर घाई न करण्याची सवय लावली. त्या वर्षी कोलंबियाला ४-३ ने हरवून त्यांनी वर्ल्डकपमधला पहिला टायब्रेकर जिंकला.

यातलं काहीही महाग नाही. आपल्या तालमींना संध्याकाळच्या सरावात हे सहज करता येईल. दोन तास खेळून झाल्यावर, पाय जड झालेले असताना, सगळ्यांनी मध्यवर्तुळात उभं राहायचं. एकेकाने एकट्याने चालत जायचं. बाकीच्यांनी आणि बघायला आलेल्या पोरांनी मनसोक्त ओरडायचं. बॉल स्वतःच्या हाताने ठेवायचा, शिट्टी झाल्यावर एक श्वास घ्यायचा आणि आधी ठरवलेल्या जागीच मारायचं, ऐनवेळी बेत बदलायचा नाही. प्रत्येकाला एकच किक, चुकली तर त्या दिवशी पुन्हा नाही. परत येताना चुकलेल्याला घ्यायला दोघांनी पुढे जायचं. १९८२ च्या सेव्हियातल्या उपांत्य सामन्यात, वर्ल्डकपच्या पहिल्यावहिल्या टायब्रेकरमध्ये, जर्मनीचा श्टीलिके चुकला आणि तिथेच कोसळला. लिटबार्स्कीने जाऊन त्याला जवळ घेतलं, आणि जर्मनी फ्रान्सला ५-४ ने हरवून पुढे गेलं. गोल झाल्यावर हात वर करून दणक्यात आनंद करायचीही सवय लावावी. बरोबरी असताना असा आनंद करणाऱ्यांचे संघ जास्त वेळा जिंकताना दिसले आहेत, कारण त्याची हिंमत मागून येणाऱ्याला मिळते.

आणि यादी पाच नावांवर थांबवू नये. अकराव्या नावापर्यंत लिहावी, गोलकीपरसकट, आणि त्यालाही रोज एक किक मारायला लावावी. २०१५ च्या आफ्रिकन नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात पुन्हा आयव्हरी कोस्ट आणि घानाच समोरासमोर होते आणि दोन्ही संघांच्या दहा-दहा किक संपल्या. उरले दोन गोलकीपर. आयव्हरी कोस्टच्या बुबाकार बारीने घानाच्या ब्रिमाची किक अडवली, मग स्वतः बॉल ठिपक्यावर ठेवला आणि गोल मारून ९-८ ने चषक जिंकून दिला.